गुन्हेशास्त्राचे दूरशिक्षण : पाठ्यपुस्तिकांची एक चिकित्सा

दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून या शिक्षणपद्धतीविषयी आपल्याकडे जी चर्चा झाली, ती बहुतांशी प्रवेश, परीक्षा आणि पदवीची मान्यता यांविषयीची आहे. एखाद्या शास्त्राचा स्वभाव या पद्धतीत टिकतो की पालटतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गुन्हेशास्त्रापुरता तो येथे विचारावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाने या विषयाचे दूरशिक्षणातील स्वाध्याय काही वर्षे तपासले असल्यामुळे या विवेचनास थोडा अनुभवाचाही आधार आहे.

दूरशिक्षणाचे खरे अध्यापक म्हणजे पाठ्यपुस्तिका. तिची रचना ठरलेली असते : आरंभी उद्दिष्टे, मग विवेचन, मध्ये मध्ये स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न आणि घटकाच्या शेवटी त्यांची उत्तरे. हिशेबतपासणी वा व्याकरण यांसारख्या विषयांना ही रचना मानवते. तेथे उत्तर एकच असते आणि ते विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहावे हे इष्टच होय. गुन्हेशास्त्राची गोष्ट निराळी आहे. गुन्हा कशास म्हणावे, येथूनच या शास्त्रातील वादास तोंड फुटते. पुस्तिकेच्या पहिल्याच घटकात ‘कायद्याने दंडनीय ठरविलेली कृती म्हणजे गुन्हा’ असे उत्तर छापलेले असते आणि विद्यार्थी ते पाठ करून पुढे सरकतो. आठव्या किंवा नवव्या घटकात त्याला सदरलंड भेटतो, परंतु तोपर्यंत पहिला घटक मिटलेला असतो.

एडविन सदरलंडचा पांढरपेशा गुन्हेगारीवरील ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सत्तर बड्या कंपन्यांविरुद्ध न्यायालयांनी व शासकीय मंडळांनी दिलेले ९८० प्रतिकूल निर्णय त्याने एकत्र केले. त्यांपैकी फौजदारी न्यायालयांचे निर्णय जेमतेम सहाव्या हिश्श्याइतके भरतात. उरलेल्यांना गुन्हे म्हणावयाचे की नाही, हाच त्याच्या ग्रंथाचा गाभा होय. पॉल टॅपनने १९४७ मध्येच आक्षेप घेतला होता की, ज्याचा अपराध न्यायालयात सिद्ध झाला नाही त्यास गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार समाजशास्त्रज्ञास नाही. हा वाद पुस्तकी राहिला नाही. फौजदारी शिक्षा न झालेल्या कंपन्यांस गुन्हेगार म्हटल्यास बदनामीचा दावा होईल, या भीतीने १९४९ च्या आवृत्तीतून कंपन्यांची नावे वगळण्यात आली. नावांसह संपूर्ण ग्रंथ १९८३ साली बाहेर पडला. पहिल्या घटकातील त्या एका ओळीच्या व्याख्येने नवव्या घटकातील ग्रंथाची नावे चौतीस वर्षे झाकून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही. या दोन घटकांमधील हा धागा वर्गात एखादा विद्यार्थी हात वर करून सहज ओढू शकतो. पुस्तिकेत तो ओढणारा कोणी नसतो.

याचा परिणाम काय होतो, हे एका क्षुल्लक गोष्टीवरून ध्यानी येईल. एका पुस्तिकेत सदरलंडच्या या ग्रंथाचे वर्ष १९४९ ऐवजी १९९४ असे छापले गेले होते. त्या वर्षी आलेल्या स्वाध्यायांत बहुतेकांनी १९९४ असेच लिहिले. त्याच परिच्छेदात ग्रंथकर्त्याचा मृत्यू १९५० साली झाला असेही त्यांनी पुस्तिकेबरहुकूम नोंदविले होते. त्यांस दोष देण्याचे कारण नाही. छापलेले उत्तर ताडून पाहण्यासाठी नसून उतरवून घेण्यासाठी असते, हे त्या रचनेनेच त्यांस शिकविले होते.

आकडेवारीच्या घटकाची कथा याहून शोचनीय आहे. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ पासूनच्या गुन्ह्यांची नोंद देतो. या अहवालात एका फिर्यादीत अनेक अपराध असतील तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो आणि भर असतो तो दखलपात्र गुन्ह्यांवर. पुस्तिकांत हा नियम एका वाक्यात उरकला जातो आणि मग त्याच आकड्यांवरून गुन्हेगारी वाढली की घटली, याचे तक्ते येतात. आता हा पाठ वाचणारा कोण आहे, ते पाहावे. या अभ्यासक्रमांस येणाऱ्यांत पोलीस हवालदार असतात, तुरुंगरक्षक असतात, तालुक्याच्या न्यायालयातील कारकून असतात. रात्रपाळीस ठाणे अंमलदार म्हणून बसणाऱ्या हवालदारास तक्रार अदखलपात्र म्हणून कशी नोंदली जाते आणि त्यामुळे कोणता आकडा कधी जन्मासच येत नाही, हे कोणाही प्राध्यापकाहून अधिक ठाऊक असते. तो विद्यापीठापासून दूर असेल, विषयापासून दूर नाही. अंतर आहे ते पुस्तिका लिहिणाऱ्याचे. परंतु स्वाध्यायात या माणसास त्याला ठाऊक असलेले काहीही विचारले जात नाही.

हाच दोष विमुक्त जमातींच्या प्रकरणात अन्यायाचे रूप घेतो. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या. तो कायदा पुढे मुंबई इलाख्यासही लागू झाला. सोलापूरला काटेरी तारांच्या आत वसाहत उभी राहिली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. येथवर पुस्तिका सांगतात आणि विषय ‘ऐतिहासिक’ म्हणून संपवितात. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयी कायदा केला. पुढे १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ प्रसिद्ध झाले. ‘सराईत’ या शब्दाआडून जुनी जमातनिहाय ओळख तुरुंगांच्या नियमावलीत जिवंत राहिली होती व त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयास २०२४ च्या ऑक्टोबरात निर्णय द्यावा लागला. हे सारे त्या परिच्छेदाबाहेर राहते. पुस्तिकेचे पाकीट जर एखाद्या पारधी वस्तीवरील मुलीच्या हाती पडले, तर ‘गुन्हेगार जमाती’ या शीर्षकाखाली अवतरणचिन्हांवाचून छापलेला तो परिच्छेद ती कोणत्या भूमिकेने पाठ करील? वर्गात तिला निदान उठून विचारता आले असते.

अर्थात वर्गातील शिक्षणाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. विद्यापीठाच्या आवारात दोन वर्षे काढूनही फौजदारी न्यायालयाची पायरी न चढलेले पदव्युत्तर विद्यार्थी प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. उलट दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याची जागाच मोलाची आहे. खटल्यांची सुनावणी सर्वसाधारणपणे खुल्या न्यायालयात चालावी, हे तत्त्व जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवले जातात. तेव्हा ‘सदरलंडचा सिद्धांत स्पष्ट करा’ याऐवजी, आपल्या तालुक्याच्या न्यायालयात एक दिवस बसून किती प्रकरणे पुकारली गेली, त्यांपैकी किती पुढच्या तारखेवर गेली व आरोपीचा वकील कोण, खाजगी की शासनाने दिलेला, एवढेच लिहून आणावयास सांगितले तरी पुरे. छापील उत्तरात हे सापडणार नाही आणि शेजाऱ्याच्या वहीतूनही उतरविता येणार नाही.

यात अडचणी आहेत. तुरुंगाचे दार असे सहज उघडत नाही. पीडितांची नावे वहीत येऊ नयेत, ही दक्षता संपर्कसत्रात नीट शिकवावी लागेल. आणि सर्वांत अवघड प्रश्न वर उल्लेखिलेल्या हवालदाराचा आहे : स्वतःच्याच ठाण्यातील नोंदीविषयी त्याने खरे लिहिले, तर ती वही तपासणाऱ्याने ती कोठे ठेवावी? सध्या तपासलेले स्वाध्याय अभ्यासकेंद्राच्या उघड्या फडताळात पडून असतात व कोणीही येऊन चाळू शकतो. अभ्यासक्रम बदलण्याआधी निदान त्या फडताळास कुलूप लावावे लागेल.