'टारका द ऑटर' : शिकार, संवर्धन आणि ब्रिटनमधील ग्रामीण राजकारण

प्रस्तावना :
हेन्री विल्यमसन यांची 'टारका द ऑटर' ही कादंबरी १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली व १९२८ मध्ये तिला हॉथॉर्नडेन पारितोषिक लाभले. इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हन परगण्यातील टॉ आणि टॉरिज या दोन नद्यांच्या प्रदेशात ती घडते. एका पाणमांजराचा जन्मापासून अंतापर्यंतचा जीवनक्रम हा तिचा विषय होय. बालवाङ्मयात तिची गणना पुष्कळदा केली जाते. त्यामुळे वन्यजीव आणि ग्रामीण सत्तासंबंध यांविषयीचे तिच्यातील प्रश्न दुर्लक्षित राहतात. त्या प्रश्नांच्या अनुषंगाने या कादंबरीचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवेदनाचे स्वरूप :
प्राणिकथेत प्राण्याच्या मुखी मानवी भाषा घालण्याची परंपरा जुनी आहे. विल्यमसन यांनी ती नाकारली. टारका बोलत नाही, उपदेश करीत नाही. गंध, नाद, पाण्याची ओढ, भूक आणि भय यांतूनच त्याचे जग साकार होते. नदीकाठच्या सूक्ष्म निरीक्षणाचे पाठबळ असल्याने हे जग विश्वसनीय वाटते. एकच प्राणी, त्याचे एकच आयुष्य वाचकाला मोलाचे वाटू लागते, हे या कादंबरीचे निर्विवाद यश आहे.

शिकारीचे चित्रण :
हे निरीक्षण लेखकाला अंशतः शिकाऱ्यांच्या सहवासात लाभले, ही बाब लक्षणीय आहे. विल्यमसन हे 'चेरिटन ऑटर हाउंड्स' या शिकारमंडळाबरोबर फिरले होते. कादंबरीत शिकारीची निर्भर्त्सना नाही, तसेच तिचे उघड समर्थनही नाही. या तटस्थतेमुळे अखेरची प्रदीर्घ शिकार विलक्षण परिणामकारक ठरते. परंतु तिची मर्यादाही येथेच दिसते. संघर्षाची मांडणी प्रामुख्याने टारका आणि डेडलॉक हा शिकारी कुत्रा यांच्यातील द्वंद्व म्हणून होते. तुल्यबळ वीरांच्या द्वंद्वाचे रूप त्याला येते आणि ते घडवून आणणारी माणसे काठावरचे प्रेक्षक होऊन राहतात. नदीकाठ कोणाच्या मालकीचा, शिकारीचा अधिकार कोणाकडे, मासे राखण्यात कोणाचे हित, हे प्रश्न या वीरकाव्यात्म मांडणीत मागे पडतात.

इतिहासाचा पुरावा :
पाणमांजरांवर पुढे ओढवलेले संकट या मांडणीच्या बाहेरून आले. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून धान्याच्या बियाण्यांना डिल्ड्रिनसारखी कीटकनाशके लावली जाऊ लागली. ही द्रव्ये पाण्यात, माशांत आणि शेवटी पाणमांजरांच्या देहात साचत गेली. १९५७ च्या सुमारास सुरू झालेल्या या ऱ्हासाचा मागोवा संशोधकांना शिकारमंडळांच्याच नोंदवह्यांतून घेता आला. किती पाणमांजरे सापडली याचा हिशेब शिकारी वर्षानुवर्षे ठेवीत होते. प्राण्याचा पाठलाग करणाऱ्यांच्याच दप्तरात त्याच्या नाहीशा होण्याचा पुरावा मिळावा, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय.

वसंतातील पेरणीच्या बियाण्यांसाठी या द्रव्यांचा वापर १९६२ पासून स्वेच्छेने थांबवण्यात आला. १९७८ मध्ये इंग्लंड व वेल्समधील पाणमांजरांना कायद्याचे संरक्षण मिळाले. १९७७ ते १९७९ या काळातील पाहणीत इंग्लंडमधील तपासलेल्या स्थळांपैकी सुमारे ६ टक्के ठिकाणीच त्यांच्या खुणा आढळल्या होत्या. २००९-१० च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ५९ टक्क्यांवर गेले. शिकारीला मनाई झाली नसती तर उरलेसुरले प्राणी अधिक धोक्यात आले असते, हे खरे. तरीही ऱ्हासाचे मूळ कारण शेतीपद्धतीत होते, हेही तितकेच खरे.

राजकीय संदर्भ :
डिल्ड्रिनने होणाऱ्या मृत्यूत कुत्र्यांचा कल्लोळ नसतो, प्रेक्षक नसतात आणि खलनायकही नसतो. अशा संथ, अदृश्य हानीला द्वंद्वाच्या आकृतिबंधात जागा मिळत नाही. १९२७ च्या लेखकाला याबद्दल दोष देणे अन्याय्य ठरेल. मात्र ब्रिटनच्या सार्वजनिक चर्चेनेही पुढे हाच आकृतिबंध स्वीकारलेला दिसतो. २००२ च्या सप्टेंबरमध्ये 'कंट्रीसाइड अलायन्स'च्या आवाहनावरून सुमारे ४ लाख लोक लंडनच्या रस्त्यांवर उतरले. त्यांच्या मागण्या अनेक असल्या तरी शिकारीचा प्रश्न केंद्रस्थानी राहिला. लॉर्ड्स सभागृहाच्या विरोधामुळे २००४ चा शिकारबंदी कायदा संसदीय अधिनियमांचा आधार घेऊन संमत करावा लागला. 'शहर विरुद्ध खेडे' अशी या वादाची मांडणी झाली. खेड्यातील जमीनमालक, कूळ आणि मजूर यांच्या हितसंबंधांतील भेद तीत झाकले गेले. शेतीत काय फवारले जाते व नदीत काय मिसळते, या प्रश्नांना तेवढे नाट्य लाभले नाही.

निसर्गप्रेम आपोआप उदार राजकारणाकडे नेते, हा समजही येथे तपासून पाहावा लागतो. विल्यमसन यांनी १९३७ मध्ये नॉरफोकमध्ये शेती सुरू केली आणि त्याच दशकात ऑस्वल्ड मोस्ले यांच्या फॅसिस्ट पक्षाला पाठिंबा दिला. भूमीविषयीची आस्था वर्जनवादी विचारसरणीला किती सहज जोडली जाऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. त्यामुळे कादंबरीचे वाङ्मयीन मूल्य नष्ट होत नाही. परंतु तिच्यातील ग्रामजीवनाची जवळीक निष्पाप मानून चालत नाही.

निष्कर्ष :
एका प्राण्याला होणारी यातना आणि एका प्रजातीचे अस्तित्व हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा सुटत नाही, आणि दुसरा मोठा म्हणून पहिला क्षुल्लक ठरत नाही. 'टारका द ऑटर' पहिल्या प्रश्नाची जाणीव असामान्य सामर्थ्याने करून देते, दुसऱ्यापुढे मात्र ती मूक राहते. पाणमांजरे परतल्यावर मासे पाळणाऱ्या तळ्यांचे मालक त्यांच्याविरुद्ध तक्रारी करू लागले. पाणी कोणाचे, हा कादंबरीने न विचारलेला प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला आहे. या कादंबरीचे वाचन त्या प्रश्नासह झाले, तरच तिच्या करुणेला संवर्धनाच्या विचारात अर्थपूर्ण स्थान मिळू शकेल.