पाण्यातली प्रतिबिंबं आणि दिव्याखालचा टँगो

नाझिम हिकमत या तुर्की कवीची ‘गोष्टींची गोष्ट’ नावाची छोटी कविता आहे. पाण्याकाठी एक चिनार आणि कवी उभे आहेत. मग तिथे मांजर येते, मग सूर्य, मग या सगळ्यांचं आयुष्य. प्रत्येक नवा आला की आधीच्या सगळ्यांची नावं पुन्हा घेतली जातात, त्यांची प्रतिबिंबं पाण्यात पडतात आणि पाण्याची झळाळी त्यांच्यावर पडते. असा गोतावळा जमला की कवी सांगू लागतो, यातलं आधी कोण जाईल आणि मग कोण. मांजर, कवी, झाड, मग पाणीसुद्धा. शेवटी उरलेला सूर्यही जाईल. पण कविता तिथे थांबत नाही. शेवटच्या कडव्यात सगळे पुन्हा काठावर आहेत, पाणी गार आहे, मांजर पेंगते आहे, कवी लिहितो आहे. शोकाचा एक शब्दही न वापरता हिकमत मरणाची पूर्ण यादी वाचून दाखवतो आणि तरी आपण अजून आहोत याचा आनंद मानतो. ज्याने आयुष्यातली कितीतरी वर्षं तुर्कस्तानच्या तुरुंगांत काढली आणि 1963 साली मायदेशापासून दूर मॉस्कोत देह ठेवला, त्या कवीचा हा आनंद आहे. म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो.

याच नावाचा युरी नॉर्स्टाइनचा अॅनिमेशनपट मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म स्टुडिओत 1979 साली तयार झाला. लांबी साधारण 29 मिनिटं. ल्युद्मिला पेत्रुशेव्स्काया ही लेखिका पटकथेत त्याच्या सोबत होती, चित्रं त्याची पत्नी फ्रान्चेस्का यार्बुसोवा हिची. नॉर्स्टाइनला आधी एका रशियन अंगाईतले शब्द शीर्षक म्हणून हवे होते. काठावर झोपू नकोस, करडा लांडगा येऊन रानात नेईल, असं बाळाला बजावणारी ती अंगाई. सरकारी अधिकाऱ्यांनी ते नाव नाकारलं, तेव्हा त्याने वर्षानुवर्षं मनात बाळगलेल्या हिकमतच्या कवितेचं नाव घेतलं.

म्हणजे हे ओळीनुसार केलेलं रूपांतर नव्हे, आणि माझ्या मते म्हणूनच ते खरं आहे. कवितेवरचे बहुतेक लघुपट मला निराश करतात. मागून कुणीतरी भारावल्या आवाजात ओळी वाचत असतं. ओळीत पाऊस आला की पडद्यावर पाऊस, ओळीत खिडकी आली की खिडकी. कविता जागची हलत नाही आणि चित्रपट तिच्या मागे फरफटतो. नॉर्स्टाइनने हिकमतचा चिनार घेतलाच नाही. त्याने उचलली ती कवितेची चाल: माणसं एकेक करून आणायची, एकेक करून न्यायची, आणि काठ मात्र तसाच ठेवायचा.

ही चाल सर्वांत उघड दिसते ती नाचाच्या प्रसंगात. रात्र आहे, रस्त्यावरच्या दिव्याखाली जोडपी टँगो नाचताहेत. वाजतो आहे तो येर्झी पीटर्सबुर्स्कीचा टँगो, जो युद्धापूर्वीच्या रशियात ‘थकलेला सूर्य’ या नावाने घरोघरी पोचला होता. मध्येच तबकडी अडखळते. सुराला हिसका बसतो आणि त्या हिसक्यासरशी एका जोडीतला पुरुष नाहीसा होतो. बाईचे हात मिठीच्या आकारात तसेच राहतात. पुन्हा हिसका, पुन्हा एक पुरुष कमी. थोड्या वेळाने दिव्याखाली फक्त बाया उरतात आणि पुरुष लष्करी पेहरावात अंधाराकडे चालताना दिसतात. मग वाऱ्यावर त्रिकोणी कागद उडत येतात. त्या काळी आघाडीवरची पत्रं अशीच त्रिकोणी घडीची असत; इथे ती मृत्यूची वार्ता घेऊन येतात.

महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं गेली, असा अंदाज सांगितला जातो. नॉर्स्टाइन हा आकडा उच्चारत नाही, रणांगण दाखवत नाही. तो फक्त बाईचे ते रिकामे हात दाखवतो. मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहते आणि दर वेळी त्या हातांपाशीच अडते. आपलं माणूस गेल्यावर शरीराला ते लगेच कळत नाही, सवय मागे राहते. हे इतक्या नेमकेपणाने दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

इथे कविता आणि चित्रपट यांच्यातला एक खोल फरक जाणवतो. हिकमतची क्रियापदं भविष्यकाळातली आहेत. सगळे जातील, पण अजून कुणी गेलेलं नाही. नॉर्स्टाइन जन्मला 1941 साली, युद्धाच्या वर्षात. त्याच्या चित्रपटात जाणारे जाऊन चुकले आहेत. कवितेतली पूर्वसूचना इथे आठवण होते. तरीही हिकमतचा तो काठ त्याने सोडलेला नाही. उजेडाने भरलेल्या एका किनाऱ्यावर कोळ्याचं कुटुंब आहे, बैलाबरोबर दोरीच्या उड्या मारणारी मुलगी आहे, कवी आहे आणि हो, त्याच्या शेजारी मांजरही आहे. वाटसरू आला तर त्याला पंगतीला बसवून घेतात. नाचाच्या अंधारानंतरही चित्रपट या किनाऱ्याकडे वळतो, जसा हिकमत शेवटच्या कडव्यात वळला होता.

आणि या दोन्ही जगांत ये-जा करतो अंगाईतला छोटा लांडगा. मॉस्कोच्या मारिना रोश्चा या जुन्या वस्तीतल्या ओसाड घरापाशी तो शेकोटीत बटाटे भाजतो, हात भाजले की फुंकर घालतो. एकदा तो कवीच्या टेबलावरून उजळलेला कागद पळवतो, आणि रानात पोचेपर्यंत त्या कागदाचं रडणारं बाळ झालेलं असतं. गांगरलेला लांडगा त्याला पाळण्यात घालून झोके देऊ लागतो. बाळाला पळवणारा म्हणून ज्याची भीती घालतात, तोच बाळ सांभाळतो. कवितेचं चित्रपटात काय व्हावं, याचं याहून सुंदर दृश्य मला ठाऊक नाही: कागद राहत नाही, पण जे हाती येतं ते जिवंत असतं आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

सगळं तितकंच उतरलं आहे असं मी म्हणणार नाही. बर्फात सफरचंद खाणारा मुलगा आणि दारू पिणारा त्याचा बाप यांचा भाग मला इतरांपेक्षा ढोबळ वाटतो. पण 1980 साली झाग्रेबच्या महोत्सवात या लघुपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि तो सार्थच होता.

चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे रशियन येत नाही म्हणून अडायचं कारण नाही. आधी हिकमतची कविता मिळवून वाचा, मग अर्धा तास काढून हा लघुपट पाहा. क्रम उलटा करू नका.