नोकरी सोडणाऱ्याच्या घरातला पगार

भिवंडीत नोकरी सोडल्याची गोष्ट सांच्यांच्या संख्येत सांगितली जाते. अमक्याने शाळेतली नोकरी सोडून चार सांचे घेतले, त्याचे पुढे चोवीस झाले. तमक्याने नगरपालिकेतली कारकुनी सोडली आणि दोन वर्षांत सांचे भंगारात घातले. पहिल्याला आपण हिंमतवान म्हणतो, दुसऱ्याला अविचारी. ज्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला, त्या महिन्यात घरात पीठ-तेल कोणाच्या पैशाने आले, हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्या साहित्यानेही ते फारसे विचारलेले नाही. म्हणून मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ (१९९५) हे आत्मकथन या एका प्रश्नासाठी पुन्हा वाचावे, असे मला वाटते.

हमीद दलवाई यांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे पटत नाही. तो वाद जुना आहे आणि तो या लेखाचा विषय नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा तरुण मुंबईत आला, कथा लिहिल्या, १९६५ साली ‘इंधन’ ही कादंबरी दिली, आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकारी केली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ती नोकरी सोडून पूर्णवेळ समाजकार्यात उतरला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. हमीदभाईंवर लिहिणारे बहुधा ‘नोकरीवर पाणी सोडले’ असे एक वाक्य लिहून पुढच्या सभेकडे वळतात. पण त्या घरात दोन मुली होत्या आणि बाई खादी कमिशनमध्ये नोकरीला होत्या. त्या जातच राहिल्या. एकाने नोकरी सोडली, त्या दिवशी दुसऱ्याची नोकरी सोडता न येण्याजोगी झाली. (खादीच्या पगारावर चाललेल्या घराची ही गोष्ट यंत्रमागाच्या गावात बसून वाचताना थोडे हसू येते. हातमाग आमच्याच गावाने संपवला.)

१९५६ साली झालेले हे लग्न एकवीस वर्षांचे ठरले. त्यातला शेवटचा काळ मूत्रपिंडाच्या आजाराचा. ३ मे १९७७ रोजी हमीदभाई गेले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीसही नव्हते. नंतर बाईंनी मंडळाचे कामही खांद्यावर घेतले. हे आत्मकथन दलवाईंविषयीची माहिती काढण्यासाठी वाचण्याची आपल्याला सवय आहे. विहीर खोल आहे म्हणून पाणी काढायचे आणि दोराकडे पाहायचे नाही, असा तो प्रकार आहे. मला त्या नोकरीविषयी आणखी वाचावेसे वाटते. पुस्तकाचे नाव कृतज्ञतेचे आहे आणि ती कृतज्ञता खरी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी समीक्षकाने त्या नावावर थांबू नये. भरून पावलेल्या माणसाने आधी काय काय भरले, हे विचारायला हरकत नाही.

याच्या शेजारी मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) ठेवून पाहा. शाहीर अमर शेखांची ही मुलगी. तिचे लग्न दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नामदेव ढसाळांशी झाले. चळवळ बाहेर, आणि घरात दर महिन्याला हमखास येणारा पैसा नाही. ही दोन पुस्तके स्वभावाने अगदी वेगळी आहेत. एकात तक्रार जवळजवळ नाही, दुसऱ्यात ती पानापानांतून उसळते. मलिकाच्या पुस्तकाला कडवट म्हणणाऱ्यांनी हा फरक केवळ दोन बायकांच्या स्वभावाचा मानला. मला तो घरातल्या पगाराचाही वाटतो. जिच्या हातात स्वतःचे पाकीट येते, तिला नवऱ्याच्या ध्येयाकडे उदारपणे पाहता येते. हे म्हणणे पूर्ण खरे नसेल, कारण मलिकाच्या दुःखात पैशापलीकडचे फार काही आहे. पण ते अजिबात खोटेही नाही.

आता भिवंडीकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापडाचे काम मोठ्या प्रमाणात इकडे वळले. त्या काळात पगाराची नोकरी सोडून सांचे घेण्याचा मोह किती जणांना झाला असेल, हे इथल्या कोणालाही सांगावे लागू नये. हा धोका केवळ बाजाराचा नव्हता. १९७० आणि मग मे १९८४ ची दंगल पाहिलेल्या शहरात कारखाना काढणे म्हणजे काय, ते विमा कंपनीच्या कागदावर मावत नाही. अशा वेळी वडीलधारे तवक्कुलची आठवण देतात. आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, हेही तेच सांगतात. उंट बांधणारे हात बहुतेक वेळा घरातल्या बाईचे असतात: मोडलेल्या बांगड्या, भरलेल्या कांड्या, शिलाई मशीन, एखादीचा शिक्षिकेचा पगार.

यातले मराठीत किती आले? मुंबईच्या गिरणगावाला जयंत पवारांचे ‘अधांतर’ मिळाले. नोकरी गेलेल्या घराचे ते मोठे नाटक आहे. आमच्याकडे नोकरी जाण्याची नाही, सोडण्याची गोष्ट आहे, आणि सोडणाऱ्याला नंतर ती स्वतःच्या शहाणपणाची म्हणून सांगण्याची मुभा मिळते. आपल्या कथांतला कारखानदार शेठ असतो नाहीतर बुडीत, आणि त्याची बायको चहा घेऊन येते. आपल्या लेखकांची यात कुचराई झाली, असे मी स्पष्ट म्हणतो.

सांच्यांच्या जागी आता गोदामे आली आहेत. तिथल्या पाळीवरची नोकरी सोडून स्वतःचा टेम्पो घ्यावा का, असा सवाल आजचा तरुण करतो. टेम्पोचा हप्ता महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो आणि भाडे मिळेलच असे नाही. त्या घरातली बाई हिशेबाची वही कुठे ठेवते, एवढे जरी कोणी लिहिले तरी मी ते आधी वाचीन.