पत्र वाचणारा नट

इरफान खान चित्रपटात पहिल्यांदा दिसला तो पत्र लिहिताना. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’मध्ये (१९८८) मुंबईच्या रस्त्याकडेला बसून पैसे घेऊन लोकांची पत्रं लिहून देणारा माणूस त्यानं केला. चहा पोचवणारा कृष्णा गावाकडच्या आईला पत्र लिहवून घ्यायला त्याच्यापुढे बसतो. प्रसंग इवलासा. खरं तर त्याला याहून मोठी भूमिका मिळायची होती, पण रस्त्यावरच्या खऱ्याखुऱ्या मुलांच्या घोळक्यात हा उंचापुरा तरुण मावेना आणि वाट्याला एवढंच आलं. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’मध्ये त्याच मुंबईत तो पुन्हा कागद हातात घेऊन बसला. या वेळी आलेलं पत्र वाचायला.

इरफानच्या डोळ्यांबद्दल सगळेच बोलतात. ते डोळे विलक्षण होते यात वाद नाही. पण त्याचा अभिनय पुन:पुन्हा पाहताना मला जाणवत गेलं ते असं, की हा नट देण्यापेक्षा घेण्यात थोर होता. समोरच्याचा शब्द त्याच्यापर्यंत येतो, आत उतरतो, तिथे काहीतरी हलवतो आणि मग तो बोलतो. शब्द पोचल्यापासून उत्तर निघेपर्यंतचा जो वेळ बहुतेक नट नुसता काढतात, तो इरफान जगतो. ‘लंचबॉक्स’ हा चित्रपट जवळजवळ संपूर्ण याच वेळाचा आहे, म्हणून त्याच्या कलेचा कस तिथे सर्वांत लख्ख दिसतो.

ही कला त्याला सहज मिळाली नव्हती. राजस्थानातल्या टोंकच्या कुटुंबातला हा मुलगा, वडिलांचा टायरचा व्यवसाय. जयपूरमध्ये क्रिकेटचं वेड, सी. के. नायडू स्पर्धेसाठी निवडही झालेली, पण पैशाअभावी ते राहिलं. १९८४ मध्ये तो दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेला आणि तिथून मुंबईत. मुंबईत वाट्याला आलं ते टेलिव्हिजन. दूरदर्शनच्या ‘चाणक्य’मध्ये तो सेनापती भद्रशाल होता, ‘चंद्रकांता’त बद्रीनाथ. ‘कहकशाँ’ या मालिकेत त्यानं शायर मख्दूम मोहिउद्दीन साकारला. ‘बनेगी अपनी बात’सारख्या मालिकेनं घराघरांत चेहरा पोचवला. त्या काळच्या मालिकांचा खाक्या असा, की पात्रानं बातमी ऐकली की कॅमेरा झपकन चेहऱ्यावर जायचा, पार्श्वसंगीत कडाडायचं आणि नटानं धक्का बसल्याचं ठसठशीत दाखवायचं. ऐकणं हा तिथे जाहीर करायचा मजकूर होता. या साच्यात जीव गुदमरत होता, अभिनय सोडून द्यावासा वाटत होता, हे इरफाननं पुढे मुलाखतींतून सांगितलं. पण त्या वर्षांनी एक दिलं. रोज कॅमेऱ्यासमोर उभं राहून तो त्याला सरावला आणि कॅमेऱ्याला किती कमी पुरतं हे त्याला कळलं.

ती जाण उपयोगी पडली ती आसिफ कपाडिया यांच्या ‘द वॉरियर’मध्ये (२००१). राजस्थानच्या वाळूतून हिमालयाकडे निघालेला, तलवार टाकून दिलेला लढवय्या. संवाद अगदी मोजके. पाठोपाठ तिग्मांशू धुलियाचा ‘हासिल’ आला आणि ‘मॅकबेथ’वर बेतलेला विशाल भारद्वाजचा ‘मकबूल’. ‘मकबूल’मध्ये पंकज कपूरचा अब्बाजी बसून राहतो आणि इरफान त्याच्या मागे उभा असतो. ही भूमिकेची किल्लीच आहे. मॅकबेथच्या मनात खून पेरला जातो तो दुसऱ्यांच्या शब्दांतून. ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांचे दोन पोलीस भविष्य सांगतात, तब्बूची निम्मी टोचत राहते, आणि इरफानचा मकबूल हे सगळं ऐकून घेतो. त्याच्या चेहऱ्यावर महत्त्वाकांक्षा चढत नाही. आधी दिसते ती भीती, की हे लोक जे बोलताहेत ते आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. गुन्हा करणाऱ्या माणसाची इतकी आतली बाजू हिंदी पडद्यावर क्वचित दिसली आहे.

आता ‘लंचबॉक्स’. साजन फर्नांडिस हा सरकारी कचेरीतला कारकून, दाव्यांच्या विभागात पस्तीस वर्षं घालवून निवृत्तीला टेकलेला. बायको गेलेली. वांद्र्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं घर, संध्याकाळी गॅलरीत सिगारेट, समोरच्या खिडकीत एकत्र जेवणारं कुटुंब. आणि हा बघतोय हे पाहून खिडकी लावून घेणारी त्या घरातली मुलगी. इलानं (निम्रत कौर) नवऱ्यासाठी पाठवलेला डबा चुकून याच्या टेबलावर येतो. मुंबईचे डबेवाले कधी चुकत नाहीत हा लौकिक, आणि चित्रपट उभा आहे तो एका चुकीवर.

तो पहिला डबा उघडतानाचा इरफान पाहावा. हात सवयीनं चालले आहेत, कारण हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलंय. मग वास येतो आणि हात मंदावतात. चेहऱ्यावर आनंद यायला अजून अवकाश आहे. आधी येतो तो संशय, हा डबा आपलाच ना? ज्याला बरं काही मिळायची सवय उरलेली नाही, त्याला चांगल्या गोष्टीचा पहिल्यांदा संशयच येणार. दिग्दर्शकानं इथे एक वाक्यही दिलेलं नाही आणि एकाची गरजही नाही.

मग पोळ्यांबरोबर चिठ्ठी येते, आणि तिला साजनचं पहिलं उत्तर जातं, जेवणात मीठ जास्त झालं होतं. प्रेक्षक हसतात. पण इरफाननं हे उत्तर तुसडेपणाकडे जाऊ दिलेलं नाही. पस्तीस वर्षं फायलींवर शेरे मारणाऱ्या माणसाला एकच लेखन येतं, ते म्हणजे शेरा. इलाच्या चिठ्ठीवर त्यानं तोच मारला. पुढची पत्रं क्रमानं ऐकत जा. शेऱ्याची दोन वाक्यं होतात, दोनाचा परिच्छेद होतो, आणि कारकुनाच्या त्या कोरड्या आवाजात हळूहळू ओल येते. पत्रवाचनाच्या आवाजात इरफान कुठेही भावना ओतत नाही. लिहिताना माणूस जसा स्वत:शी पुटपुटतो, मध्ये शब्द शोधायला थांबतो, तसं तो वाचतो.

खरी कसोटी पुढेच आहे. इलाची पत्रं आपण तिच्या आवाजात ऐकतो आणि पडद्यावर असतो बहुतेकदा इरफानचा वाचणारा चेहरा. म्हणजे निम्रत कौरच्या वाक्यांचा अर्धा अभिनय त्याला करायचा आहे, तोही चष्मा लावून, कागदाकडे खाली बघत, कचेरीच्या खानावळीतल्या गर्दीत. डोळे, ज्यांची एवढी ख्याती, ते इथे झाकलेलेच. मग तो काय वापरतो? घास चावायचा थांबतो. कागद किंचित जवळ आणतो. आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची खात्री करतो. पन्नाशी उलटलेल्या, आब राखून असलेल्या माणसाला पत्र आल्याची ही लाज त्यानं फार कोवळेपणानं पकडली आहे. इलाच्या घरीही असाच एक न दिसणारा जोडीदार आहे. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी. भारती आचरेकरांचा नुसता आवाज, तरी ती बाई आपल्या ओळखीची होऊन जाते. ‘वागळे की दुनिया’तून घराघरांत गेलेल्या या मराठी अभिनेत्रीनं एकदाही समोर न येता केलेलं हे काम इरफानच्या कामाच्या तोडीचं आहे. तिथे चेहऱ्याविना आवाज आणि इथे आवाजाविना चेहरा, अशा दोन टोकांवर हा चित्रपट तोलला आहे.

टेलिव्हिजननं गांजलेल्या या नटाला याच चित्रपटात टेलिव्हिजनचा एक अपूर्व प्रसंग मिळाला. साजनची बायको ‘ये जो है जिंदगी’चे भाग टेप करून ठेवायची. ती गेल्यावर तो त्या टेपा काढून बघत बसतो आणि आपण काय शोधतोय ते त्याला उशिरा उमगतं. बायको आत मालिका बघत असताना तो बाहेर दुरुस्तीचं काही करत असायचा, आणि टीव्हीच्या काचेत तिचं हसणारं प्रतिबिंब त्याला दिसायचं. तेच विनोद, दर वेळी तेच हसणं. आता विनोद शिल्लक आहेत, हसणारी नाही. हे पत्रात लिहितानाचा इरफानचा स्वर कुठेही ओला होत नाही. एखाद्या दाव्याची हकिकत नोंदवावी तसा तो सांगतो, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येतो.

नवाजुद्दीन सिद्दीकीच्या शेखबरोबरचे प्रसंग याच घेण्याच्या कलेचं दुसरं अंग दाखवतात. शेख बडबड्या, चिकट, आगंतुक. साजनच्या जागेवर त्याला तयार करायचंय आणि साजन त्याला टाळतोय. दोन तगडे नट समोरासमोर आले की चढाओढ सुरू होते. इथे इरफान मैदान मोकळं सोडतो. नवाजुद्दीनला बोलू देतो, खाऊ देतो, आणि स्वत: त्या बोलण्याखाली हळूहळू वितळत जातो. पुढे शेखच्या लग्नात त्याच्या बाजूचा नातलग म्हणून साजन फोटोत उभा राहतो, तेव्हा ही जवळीक आपल्यासमोर टिपाटिपानं साठलेली असते.

आणि मग उपाहारगृहातली ती दुपार. इला एकटी बसून वाट बघतेय, पाण्याचे घोट घेतेय. तो येत नाही. तो आला होता, दुरून तिला बघत बसला होता आणि उठून गेला, हे आपल्याला नंतर पत्रातून कळतं. त्याच सकाळी न्हाणीघरात त्याला आजोबांच्या अंगाचा वास आला होता, आणि मग जाणवलं होतं की तो वास आपलाच आहे. गाडीत एका तरुणानं उठून जागा दिली होती. वार्धक्य त्याला आरशानं सांगितलं नाही. एका वासानं आणि एका अनोळखी मुलाच्या सौजन्यानं सांगितलं. इलाकडे बघणाऱ्या साजनच्या चेहऱ्यावर त्यागाचा मोठेपणा आणायची संधी होती. इरफाननं ती घेतली नाही. तिथे आहे ते कौतुक आणि संकोच. ही इतकी तरुण आहे याचं कौतुक, आणि आपण तिला पत्रं लिहिली याचा संकोच.

कुणी म्हणेल, गप्प राहणं हेच त्याचं भांडवल होतं. त्यांनी एचबीओच्या ‘इन ट्रीटमेंट’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वातला (२०१०) सुनील पाहावा. ब्रुकलिनमध्ये मुलाच्या घरी अडकलेला कोलकात्याचा विधुर, मानसोपचारकापुढे खुर्चीत बसून बोलतोय. भागच्या भाग नुसतं बोलणं. आणि शेवटी कळतं की त्या बोलण्यातून त्यानं मायदेशी परतण्याचा डाव शांतपणे रचला होता. ‘पान सिंग तोमर’मध्ये (२०१२) तर तो धावतो, भांडतो, चंबळच्या बोलीत फटकारतो, राष्ट्रीय विजेता धावपटू बागी कसा झाला याची ही कहाणी. त्याबद्दल त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्यातही भूमिकेचं मर्म ऐकण्यातच आहे. तक्रार घेऊन तो अधिकाऱ्यांपुढे उभा राहतो, पदकं दाखवतो आणि त्याला हिणवून परत पाठवतात. शब्द आत जाऊन कसा सलतो, ते आपण त्याच्या तोंडावर वाचतो. बंदूक नंतर येते.

हॉलिवूडच्या भव्य चित्रपटांत, ‘जुरासिक वर्ल्ड’ किंवा ‘इन्फर्नो’मध्ये, तो रुबाबदार दिसतो पण उपाशी वाटतो. तिथे त्याच्यापर्यंत काही पोचवणारं कुणी नाही. याउलट मीरा नायर यांच्याच ‘द नेमसेक’मधला (२००६) अशोक गांगुली पाहा. समुद्रात शिरलेल्या दगडी बांधाच्या टोकापर्यंत तो लहानग्या मुलाला घेऊन जातो आणि कॅमेरा गाडीतच राहिल्याचं लक्षात येतं. फोटो निघणार नाही, म्हणून ही जागा आठवणीत ठेव, असं तो मुलाला सांगतो. एवढ्या साध्या वाक्यात एका बापाचं सगळं आयुष्य येतं.

२०१८ च्या मार्चमध्ये दुर्धर आजाराचं निदान झालं. ‘अंग्रेजी मीडियम’ पडद्यावर आला तो २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर. २५ एप्रिलला जयपूरला आई गेली, तिच्या अंत्यदर्शनालाही त्याला जाता आलं नाही. २९ एप्रिलला मुंबईत तो गेला. वय ५३.

‘लंचबॉक्स’च्या शेवटी साजन लोकलमध्ये डबेवाल्यांबरोबर बसलेला आहे. ते टाळ वाजवून विठ्ठलाचं भजन म्हणताहेत, आणि तो इलाचं घर शोधायला निघालाय. तो पोचला की नाही, चित्रपट सांगत नाही. हा चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा संवाद सोडा आणि इरफान बोलत नसतो तेवढ्याच जागा बघा. बोलणारे नट आपल्याकडे पुष्कळ झाले, फार मोठेही झाले. पण ऐकणं हाच अभिनय आहे, हे इतक्या खात्रीनं दाखवून देणारा दुसरा नट हिंदी पडद्यानं पाहिलेला नाही.