अर्जातील आत्मचरित्र

गेल्या उन्हाळ्यात, रविवारची मिस्सा आटोपून घरी आल्यावर, कोल्हारच्या आमच्या ओट्यावर एक मुलगी हातात कागद घेऊन आली. बारावीला उत्तम गुण मिळालेली, अबोल, पण डोळ्यांत धिटाई असलेली. पुण्याकडील एका खाजगी विद्यापीठात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळावा म्हणून तिने अर्ज केला होता. त्या अर्जाबरोबर पाचशे शब्दांत स्वतःविषयी लिहून द्यायचे होते: आपण कोण, कोणत्या परिस्थितीत वाढलो, त्या वाढण्याने आपल्याला काय शिकवले. तिने लिहिलेला इंग्रजी मजकूर मी वाचू लागलो. पहिल्याच वाक्यात तिचे घर अंधारात बुडालेले होते आणि रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्याखाली ती अभ्यास करीत होती.

“अगं, तुमच्या घरी वीज नाही का?” मी विचारले.

ती हसली. “आहे हो सर. माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. पण तसं लिहावं लागतं.”

‘तसं लिहावं लागतं’ हे तिचे शब्द त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेले नाहीत. साहित्यप्रकार रूढ झाला, की त्याचे संकेत निर्माण होतात आणि मग लेखक अनुभवाऐवजी संकेतच लिहू लागतो, हे आपण कथा-कवितेच्या बाबतीत पुष्कळदा पाहिले आहे. प्रवेशअर्जासोबतच्या आत्मनिवेदनाकडे मात्र साहित्यप्रकार म्हणून कोणी पाहत नाही. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले आज आयुष्यातील पहिले आत्मपर लेखन याच निमित्ताने करतात. त्याची समीक्षा होऊ नये, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे हा प्रकार नवा आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य प्रवेश गुणांवर आणि प्रवेशपरीक्षांवर होतात. पार्श्वभूमी सिद्ध करायची ती तहसील कचेरीतील शिक्क्याने. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला. म्हणजे आपल्या मुलांच्या लेखी ‘पार्श्वभूमी’ ही सांगायची गोष्ट नसून जोडायची गोष्ट आहे. परदेशी मात्र ती सांगावी लागते. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांसाठी चालणाऱ्या सामाईक अर्जात कमाल साडेसहाशे शब्दांचा निबंध असतो. ब्रिटनमधील सामाईक प्रवेशव्यवस्थेने २०२६ च्या प्रवेशापासून सलग निवेदन बंद करून तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली. एकूण अक्षरांची मर्यादा पूर्वीप्रमाणेच चार हजारांची. आपल्याकडील खाजगी विद्यापीठे आणि शिष्यवृत्त्या देणाऱ्या काही संस्था हीच वाट चालू लागल्या आहेत.

तरीही मराठी माणसाने हे लेखन पूर्वी केलेच नाही, असे नव्हे. २८ जून १८८३ या दिवशी आनंदीबाई जोशी यांनी आल्फ्रेड जोन्स यांस लिहिलेले पत्र हे पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशासाठीचे आत्मनिवेदनच होते. त्या वेळी त्यांचे वय अठरा. पत्रात त्या आपली उणीव आधी मान्य करतात: प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करणार नाही, पण आपली गोष्ट अपवादात्मक आहे, तेव्हा सवलत मिळावी. मग प्रकृती चांगली असल्याचे सांगतात. आप्तेष्टांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण इथवर आलो, तो निर्धार पुढेही उपयोगी पडेल, असे म्हणतात. आणि अखेरीस येण्याचे कारण: पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनी.

या पत्रातील ज्या ओळी आज सर्वत्र उद्धृत होतात, त्यांत आनंदीबाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या दुःखाचा शब्दही नाही. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले होते. आजच्या एखाद्या सल्लागाराने त्यांना पहिल्या ओळीतच ते मूल आणायला लावले असते. त्यांनी ते आणले नाही. का, ते आपण सांगू शकत नाही. पण दुःखाचा उल्लेख न करताही त्या दुःखातून आलेला निर्धार वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो, एवढे मात्र हे पत्र दाखवून देते.

या पत्राआधीही एक पत्र होते, आणि ते आपण ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये. १८७८ मध्ये गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे साहाय्य मागितले. पूर्वी कोल्हापुरात काम केलेले वाइल्डर हे तेव्हा अमेरिकेत मिशनकार्याचे नियतकालिक चालवीत होते. त्यांच्या उत्तराचा सारांश असा की, आधी ख्रिस्ताचा स्वीकार करावा. हा पत्रव्यवहार त्या नियतकालिकात छापला गेला, न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यांनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घरी आश्रय दिला. अर्जदाराने आपल्याला हवे तसे व्हावे, मग आपण मदत करू, ही अपेक्षा तेव्हा धर्माच्या नावाने व्यक्त झाली होती. आज ती ‘प्रेरणादायी संघर्षा’च्या नावाने व्यक्त होते. अंधारे घर लिहिणाऱ्या आमच्या मुलीने तरी दुसरे काय केले? देणाऱ्याला जे ऐकायचे आहे असे तिला वाटले, ते तिने दिले.

मुळात हा प्रश्न विचारण्यामागचा हेतू नेहमीच निर्मळ होता, असेही नाही. अमेरिकेतील प्रतिष्ठित विद्यापीठांत ज्यू विद्यार्थी गुणांच्या बळावर मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा त्यांना आवरण्यासाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ‘चारित्र्य’ आणि ‘पार्श्वभूमी’ यांची चौकशी करणारे लांबलचक अर्ज तयार झाले. कोलंबिया विद्यापीठाने १९१९ च्या सुमारास तसा अर्ज आणला. १९२२ मध्ये हार्वर्डने तर विचारले की, जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय. बाप्तिस्म्याचे एक आणि घरचे एक अशी दोन नावे बाळगणाऱ्या आपल्या कुटुंबांना या प्रश्नातील काटा समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे काळ बदलला आणि ज्यांना पूर्वी दूर ठेवले, त्यांना आत घेण्यासाठी तोच प्रश्न वापरला जाऊ लागला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई केली. पण वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिण्यास आडकाठी नाही, असेही निकालात नमूद केले. जो भार कायद्याने उचलला नाही, तो अठरा वर्षांच्या मुलाच्या गद्यावर येऊन पडला.

आणि नेमके हेच आपल्या जिल्ह्यात वेगळ्या रीतीने घडत आले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांचे गावकुसाबाहेरचे घर दाखल्याच्या रकान्यात दिसत नाही, पण गावाच्या आठवणीत दिसते. रकान्यात न मावणारी ही गोष्ट लिहायची असेल, तर ती अशा निवेदनातच लिहावी लागेल. आमच्या मुलीने ती लिहिली नव्हती. मी विचारले, तेव्हा म्हणाली, “आजी म्हणते, ते आता कशाला काढायचं?” येथे मी तिला आग्रह केला नाही. आपले घाव उघडे करून दाखवण्याची सक्ती कोणत्याही विद्यापीठाला करता येऊ नये, आणि मूक राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. मात्र घरी वीज असताना दिवा मिणमिणता ठेवणे हे खोटे आहे, यात मला शंका नाही.

मग लिहायचे कसे? या प्रकारचे सर्वोत्तम गद्य माझ्या मते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे, आणि ते प्रवेशासाठी लिहिलेले नाही. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबियात शिकले, म्हणजे तो चौकस अर्ज येण्यापूर्वी. पुढे १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन इंग्रजीत लिहिले. ते १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि कोलंबियात अभ्यासालाही लागले. त्यात १९०१ मधील एका प्रवासाची हकिगत आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात. त्यांची जात कळताच एकही गाडीवान गाडी हाकायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे ठरते आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे, असा तोडगा निघतो. पुढे जवळ अन्न आहे, पण पाणी मिळत नाही. लेखक ‘वेदना’, ‘अपमान’ असे मोठे शब्द पुढे करीत नाही. भाडे किती ठरले आणि कासरा कोणाच्या हातात होता, ते सांगतो. वाचणाऱ्याने हळहळावे अशी विनवणी त्यात कोठेही नाही.

आपल्या शेजारचेच दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त राहुरीचे दिवस आहेत, आपल्या तालुक्यांचा धुरळा आहे. स्वतःचे सोवळेओवळे कसे सुटत गेले, हे सांगताना लक्ष्मीबाई स्वतःलाच हसतात. बदललेल्या माणसाने आपल्या जुन्या रूपाची टवाळी करावी, पण त्याचा तिरस्कार करू नये, ही फार अवघड गोष्ट त्यांनी सहज साधली आहे. प्रवेशअर्जांत ज्याला ‘वाढ’ म्हणतात, ती याहून वेगळी काय असते? पण अर्जांतली वाढ बहुधा शेवटच्या परिच्छेदात एकाएकी उगवते. एखाद्या आजारपणाने किंवा स्पर्धेतील पराभवाने मूल एका रात्रीत शहाणे होते. असे शहाणपण मी चाळीस वर्षांच्या अध्यापनात एकदाही पाहिले नाही.

येथे माझा स्वतःचा अपराधही सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी असे निवेदन लिहून दिले होते. भाषा उत्तम होती. मला तिचा अभिमानही वाटला. मुलाखतीत त्याला त्यातील एका वाक्याविषयी विचारले गेले आणि त्याला ते आपले आहे, हेच आठवेना. तो परत आला तेव्हा माझ्यावर रागावला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले. आता तर असले निर्दोष गद्य संगणकही क्षणात लिहून देतो. माझ्यासारख्याची गरज उरलेली नाही, हे एका अर्थी बरेच झाले.

मुलीला मी एवढेच विचारले की, घरात तुझे म्हणून कोणते काम आहे. तिचे वडील हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतात. सातवीपासून त्यांच्या खेपांची वही तीच ठेवते: तारीख, फड कोणाचा, काट्यावरील वजन, डिझेल किती, उचल किती. रात्री प्रवरेच्या पुलावर ट्रॉल्यांची रांग लागली, की वडील फोनवर आकडे सांगतात आणि ती अर्धवट झोपेत लिहून घेते. अशा वेळी सातचा एक कसा होतो आणि तो दुसऱ्या दिवशी पावतीवरून कसा शोधावा लागतो, हे तिने मला पाच मिनिटे उत्साहाने सांगितले. तिला संख्याशास्त्र शिकायचे होते, आणि हे तिच्या पहिल्या कागदावर कोठेच नव्हते.

आठ दिवसांनी तिने नवा मसुदा आणला. दिवा गेला होता. त्या जागी वही होती, खाडाखोडीसह. आजीविषयी एकच वाक्य होते: तिला अक्षरे येत नाहीत, पण वहीतली चूक ती वडिलांच्या आवाजावरून ओळखते. मी दोन ठिकाणी काळ सुधारला आणि शेवटी या कामाने आपल्याला काय शिकवले, असे एक वाक्य घालावे म्हणून सुचवले. तिने कागद परत घेतला, वाचला आणि म्हणाली, “नको सर. ते वहीत आहेच की.”