पाण्यात जीव, पाण्याला जीव

बालवाडीच्या दप्तरात एक वर्कशीट असतं. वर दोन रकाने: सजीव आणि निर्जीव. खाली गाय, दगड, चिमणी, पाणी, दिवा, झाड अशी चित्रं. मुलानं रेघ ओढून पाणी निर्जीवाच्या रकान्यात नेलं की बाई बरोबरची खूण करतात. रविवारी तेच मूल पाठशाळेत जातं. तिथल्या तक्त्यावर पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती हे पाचही एकेंद्रिय जीव म्हणून काढलेले असतात. तिथंही बरोबर उत्तराला शाबासकी आणि खडीसाखर. मूल चार-पाच वर्षांचं. त्याची आई विचारते, आता याला खरं काय सांगायचं?

हा प्रश्न निघाला की धर्म खरा की विज्ञान खरं अशी दोन पानं मांडली जातात आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. पण या पंगतीत तिसराही एकजण बसलेला आहे, त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. तो म्हणजे बालमानसशास्त्र. त्याचं म्हणणं असं, की पाण्याला जीव आहे असं म्हणणारं मूल अजून लहान अवस्थेत आहे. मोठं झालं की हे आपोआप जाईल. आता आमच्या घरातली ऐंशी वर्षांची आज्जीही तेच म्हणते. मग तिची अवस्था कोणती? मला या तिसऱ्याचं म्हणणं जरा उलटूनपालटून पाहायचं आहे.

हे म्हणणं मुख्यतः ज्याँ पियाजे यांचं. जन्म 1896, स्वित्झर्लंडमधला. मृत्यू 1980, जिनिव्हात. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करताना त्यांचं लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांकडे गेलं. एकाच वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकतात, म्हणजे त्या चुकीमागे काहीतरी विचार आहे, हे त्यांनी ओळखलं. ‘लहान आहे, काहीही बोलतो’ असं म्हणून जे आपण उडवून लावतो, ते या माणसानं वहीत उतरवून घेतलं. हे मोठेपण आधी मान्य करायला हवं. पुढं स्वतःच्या तीन मुलांच्या बाळपणाच्या नोंदी त्यांनी केल्या. त्या कामात त्यांची पत्नी व्हॅलेंटाइन बरोबरीनं होती. जिनिव्हाच्या ज्या संस्थेत पियाजे काम करत, तिथंच तीही शिकलेली. सिद्धांत मात्र एकाच्या नावावर चढला. बाळाच्या पाळण्याशी बसून कोण काय पाहत होतं, हे वाचणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

पियाजेंच्या मते बुद्धीची वाढ चार अवस्थांतून होते. पहिली दोन वर्षं मूल हातानं, तोंडानं, डोळ्यानं जग शिकतं. दोन ते सात या काळात त्याला भाषा येते, खोटंखोटं खेळता येतं, पण दिसतं तेच खरं वाटतं. उंच पेल्यात ओतलेलं दूध त्याला जास्त वाटतं. सात ते अकरा या वयात डोळ्यांसमोरच्या वस्तूंबद्दल नीट तर्क करता येतो, आणि अकरानंतर नुसत्या कल्पनेवरही. शिक्षक होणाऱ्या मुलामुलींना हा तक्ता पाठ करावा लागतो. मुलांच्या मनातल्या जगावर त्यांनी 1926 साली जे पुस्तक लिहिलं, त्यात ‘जिवंत’ या कल्पनेच्याही पायऱ्या लावल्या आहेत. सहा-सात वर्षांपर्यंत, जे काही काम करतं ते जिवंत. मग, जे हलतं ते जिवंत. म्हणून सायकल आणि ढगसुद्धा. आठ ते अकरा-बाराच्या सुमारास, जे आपल्या आपण हलतं ते. म्हणून सायकल सुटते, पण सूर्य आणि वारा राहतात. शेवटी फक्त प्राणी, किंवा प्राणी आणि वनस्पती. या शिडीवर पाण्याला जीव म्हणणारी आज्जी फार तर तिसऱ्या पायरीवर अडकलेली ठरते.

माझा पहिला आक्षेप शब्दाचा आहे. पियाजेंनी मुलांना त्यांच्या भाषेत ‘जिवंत’ या अर्थाचा शब्द वापरून विचारलं. मराठीत आपण कुठल्या लेकराला ‘हे जिवंत आहे का’ असं विचारतो? फार तर उलथ्या पडलेल्या झुरळाबद्दल. एरवी आपण ‘यात जीव आहे का’ असं विचारतो. आणि आपल्या ‘जीव’ शब्दाचं काय सांगावं! तो लावता येतो, टाकता येतो, भांड्यात पडतो, टांगणीला लागतो. विहिरीला जिवंत झरा असतो. तुटून पडलेली वीजतार जिवंत असते. मोबाईल चार्ज केला नाही की मेला. शेजारची कन्नड बोलणारी आज्जीही ‘जीव’च म्हणते. दिवसभर हे कानावर पडणाऱ्या मुलानं झऱ्याला जिवंत म्हटलं, तर ती त्याच्या बुद्धीची अवस्था की त्याच्या भाषेची समृद्धी? ही नुसती माझी शंका नाही. इस्रायल, जपान आणि अमेरिका इथल्या मुलांची तुलना 1993 साली प्रसिद्ध झाली. झाडं जिवंत आहेत हे इस्रायली मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळा मान्य केलं, तर काही जपानी मुलांनी दगडासारख्या वस्तूंनाही जिवंत म्हटलं. वयं सारखी, उत्तरं निराळी. संशोधकांना त्यामागं त्या त्या ठिकाणची भाषा आणि संस्कृती दिसली.

दुसरा आक्षेप घराचा. मार्गारेट मीड 1928-29 मध्ये न्यू गिनीजवळच्या मानुस लोकांत राहिल्या. तिथली मोठी माणसं भुताखेतांच्या, पितरांच्या जगात वावरणारी. पियाजेंच्या हिशेबानं मुलं त्यांच्याही पुढं असायला हवीत. मीडना उलटं दिसलं. वाहत गेलेल्या होडीला दोष देऊन पाहिलं, तर मुलं म्हणाली, होडीचं काही नाही, ज्यानं बांधली त्यानं नीट बांधली नाही. मुलं रोखठोक, आणि अदृश्याची भाषा मोठ्यांची. म्हणजे वस्तूंत जीव पाहणं ही प्रत्येक मुलानं चढायची आणि मग मागं टाकायची पायरी आहे, हे खात्रीनं सांगता येत नाही. काही समाजांत ती मोठेपणी, शिकून मिळवलेली दृष्टी असते. आपली तशीच आहे. कायेच्या प्रकारांची, इंद्रियांच्या संख्येची ती एक रीतसर वर्गवारी आहे. ती लहानपणी आपोआप सुचत नाही आणि मोठेपणी आपोआप जात नाही.

तिसरा आक्षेप मुलाच्या बाजूनं. पियाजेंनी सूर्य, चंद्र, वारा यांबद्दल विचारलं. ज्या गोष्टींशी मोठ्यांचीही धड ओळख नाही, त्यांवर मूल गोंधळणारच. पुढं 1988 साली क्रिस्टीन मॅसी आणि रोशेल गेलमन यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांचे, प्राण्यांच्या पुतळ्यांचे, चाकं असलेल्या वस्तूंचे फोटो दाखवले आणि एवढंच विचारलं, हे आपल्या आपण टेकडी चढेल का? पुतळा हुबेहूब प्राण्यासारखा दिसत असूनही बहुतेक मुलं फसली नाहीत. घरातही पाहा. बाहुलीला ताप आला म्हणून पट्टी ठेवणारी पोर, बाहुली खरोखर रडली तर घाबरून पळेल. खेळ कुठला आणि खरं कुठलं, हे तिला आपल्याला वाटतं त्याहून जास्त कळतं.

इथवर वाचून पाठशाळेतल्या भगिनींना बरं वाटलं असेल. पण टीकेची सुरी दोन्हीकडून चालायला हवी, कारण आपणही मुलाच्या वाक्याचा तितकाच सोयीचा अर्थ लावतो. तीन वर्षांचं मूल म्हणालं, ‘पाण्याला जीव असतो’, की आपण म्हणतो, बघा, पूर्वजन्मीचे संस्कार! तेच मूल संध्याकाळी सायकल पडली म्हणून तिला फुंकर घालतं, तेव्हा पूर्वजन्म कुणाला आठवत नाही.

मुलाचा ‘जीव’ आणि शास्त्रातला ‘जीव’ यांचा शब्द एक, अर्थ दोन. खरं तर आपणच दोन गोष्टी एकत्र करून सांगतो. पाण्यात जीव आहेत, म्हणून आपण ते गाळतो. फडकं उलटून राहिलेलं पाणी पुन्हा विहिरीत सोडायची रीत त्यासाठीच. हे झाले पाण्यात राहणारे, हलणारे त्रस जीव. आणि पाण्याला जीव आहे, म्हणजे पाणी हीच ज्याची काया तो जलकायिक. ही निराळी गोष्ट. ‘त’ आणि ‘ला’ या दोन प्रत्ययांमध्ये सगळं शास्त्र आहे. पाण्याच्या एका थेंबात 36,450 जीव, हा आकडा आमच्या पुस्तिकांमधून छापलेला आढळतो आणि विज्ञानानंही आपलं म्हणणं मानलं असं त्याखाली लिहिलेलं असतं. आकडा खरा धरला तरी सूक्ष्मदर्शकातून दिसणार ते पाण्यातले जीव. जलकायिकाबद्दल त्यानं काही सिद्ध होत नाही. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेची म्हणून सांगावी. तिला उसना दाखला लागत नाही. पुढं मूल विचारतं, ‘मग उकळल्यावर ते मरत नाहीत का?’ गाळलेलं पाणी 48 मिनिटं चालतं आणि उकळलेलं 24 तास, हे पाठ असलेल्या भल्याभल्यांची इथं पंचाईत होते. खरं पाहता हा प्रश्न विचारणारं मूल तक्ता घोकणाऱ्या मुलाच्या पुढं आहे. त्याला गप्प बसवणं म्हणजे पिकलेलं फळ बघून फांदी तोडणं.

आणि इथंच पियाजेंचा मला उपयोग वाटतो. त्यांनी 1932 साली मुलांच्या नीतिविचारावर पुस्तक लिहिलं. त्यात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एका मुलानं जेवायला जाताना दार ढकललं. दारामागं ट्रे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि 15 कप फुटले. दुसऱ्यानं आई घरी नसताना फडताळातला जॅम चोरून काढताना एक कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं पुष्कळदा म्हणत, पहिला. त्यानं 15 फोडले. मनात काय होतं याआधी त्यांना नुकसान दिसतं.

आता आपलं घर आठवा. पोर अंगणात धावतं, पायाखाली मुंगी येते, आणि कुणीतरी ओरडतं, ‘अरे, मारलीस! पाप लागलं!’ जे मूल नुकसानाच्या मापानं मोजतं, त्याच्या मनात यानं काय होत असेल? काही मुलं रात्री झोपत नाहीत. काही पाय उचलायला घाबरतात. आपण त्याला संस्कार म्हणतो. आणि गंमत अशी, की हे शास्त्रालाही धरून नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडलेली आहे. अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात तर स्पष्ट आहे, की जपून वागणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी ती हिंसा होत नाही, आणि बेफिकीर माणसाच्या हातून कुणी मेलं नाही तरी ती होते. कप मोजायचे नाहीत, मन पाहायचं, हेच आपल्याकडं शिकवलंय. आपणच पोराला मेलेल्या मुंग्या मोजायला बसवतो.

इथंही पियाजेंच्या वयाच्या रेघेला चिकटून राहू नये. नंतरच्या संशोधकांनी गोष्टीतला हेतू चित्रांतून उघड करून दाखवला, तेव्हा तीन वर्षांची मुलंही तो धरून बोलली. म्हणजे मुलाला हेतू कळत नाही असं नाही. कुणीतरी तो दाखवावा लागतो. ‘तू बघितली नव्हतीस ना? मग आता बघून चाल,’ एवढं वाक्य चार वर्षांच्या मुलाला पुरतं. त्यात धर्म आहे आणि भीती नाही.

वर्कशीटचंही तसंच. त्या आईला मी म्हणेन, रेघ निर्जीवाकडे जाऊ दे. ‘शाळेत सजीव कशाला म्हणतात? जे खातं, वाढतं, ज्याला पिल्लं होतात. आपल्या घरी पाण्यालाही जीव मानतात, म्हणून आपण नळ उगाच सोडत नाही.’ बाहुलीचा खोटा ताप आणि स्वतःचा खरा ताप जे मूल वेगळं ठेवतं, त्याला दोन ठिकाणचे दोन नियमही सांभाळता येतात. घाई मोठ्यांनाच असते. मुलांची वाढ लवकर कशी घडवायची, या प्रश्नाला पियाजे ‘अमेरिकन प्रश्न’ म्हणत. आज तो प्रश्न आमच्या गावातही इंग्लिश मीडियमपासून पाठशाळेपर्यंत सगळीकडे विचारला जातो. साडेतीन वर्षांच्या मुलानं णमोकार म्हटला की व्हिडिओ निघतो. म्हणू दे, कानाला गोड लागतं. पण पाठ झालं म्हणजे कळलं, असं समजून पुढचं ओझं चढवू नये.

पियाजेंचा तक्ता मी फाडून टाकणार नाही. माणसाची श्रद्धा कोणत्या पायरीवर आहे, हे त्यानं मोजता येत नाही. पण समोरचं लेकरू आज किती उचलू शकेल, हे विचारायची सवय त्यानं लागते. तेवढ्यासाठी तो पाठशाळेत शिकवणाऱ्या प्रत्येक ताईनं एकदा वाचावा, एकेंद्रियाचा तक्ता भिंतीवर लावायच्या आधी.