नभोनाट्यातील कालप्रवास

केवळ ध्वनीच्या आधारे श्रोत्यास अन्य काळात नेणारा नभोनाट्याचा प्रकार. आद्य ब्रिटिश नभोनाट्यांपैकी रिचर्ड ह्यूझच्या नाटकाने (१९२४) अंधारी कोळशाची खाण हे स्थळ निवडून दृश्याचा अभाव हेच माध्यमाचे बळ ठरविले. नेपथ्य नसल्याने येथे शतक ओलांडण्यास एक विराम पुरतो. ही सुलभताच घातक ठरते. टापांचे आवाज व अवजड भाषा एवढ्यावरच इतिहास उभा राहिल्याचा भास होतो. खडकवासल्यानजीकच्या सिंहगडाचे उदाहरण बोलके आहे. १६७० च्या चढाईतील घोरपड पोवाड्यामुळे लोकप्रिय झाली. सभासदाच्या बखरीत मात्र दोघे मावळे वानराप्रमाणे कडा चढून गेले, एवढेच येते. कानाला घोरपडीचे गूढ अधिक रुचेल. तथापि कालप्रवासी पात्राच्या कानी नेमके काय पडले, हे ठरविल्याखेरीज संहिता पुढे सरकू नये. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ही शिस्त आढळते. विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे चुकते, आणि त्या एका फरकाचे परिणाम तर्काने पाहिले जातात. कालयंत्राची घरघर तीत कोठेही नाही. नभोनाट्यकारांना अनुकरणीय वाटावी अशी ही कथा आहे.